दोन सुया, लाल रीळ : थायरॉईडच्या डोळ्यांचा माझा अनुभव

कराडला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. काज-बटण, हुक, फॉल हे हातसुईचं काम मी आजही स्वतः करते. त्या दुपारी सुई खिडकीच्या उजेडाकडे वर धरली आणि मला दोन सुया दिसल्या. एकीवर एक, मध्ये बोटभर जागा. दोरा कुठल्या नेढ्यात घालायचा तेच कळेना. खाली बघून मशीनवर टीप मारताना मात्र सगळं एकेकच दिसायचं. त्या रात्री मी फार घाबरले.

खरं तर डोळे चार महिने आधीपासूनच सांगत होते. सकाळी पापण्या फुगलेल्या असायच्या, पाणी यायचं, वाऱ्यावर चुरचुरायचं. ॲलर्जी आहे म्हणून थेंब मिळाले, ते संपले की दुसरे. गिऱ्हाइकं विचारायची, "वहिनी, अशा डोळे वटारून काय बघताय?" आमच्या ह्यांनी तर एकदा रात्री मला हलवून जागं केलं, म्हणाले, तू डोळे अर्धे उघडे ठेवून झोपतेस. मला थायरॉईडचा त्रास दोन वर्षांपूर्वी झाला होता. वजन उतरलं, छातीत धडधड, हात थरथरायचे. कार्बिमाझोलच्या गोळ्यांनी ते आटोक्यात आलं होतं. रिपोर्ट नॉर्मल होते, त्यामुळे थायरॉईडचा डोळ्यांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही आणि मला कोणी विचारलंही नाही. ते चार महिने वाया गेले याचं दुःख मला अजून आहे, कारण या आजारात वेळेलाच सगळी किंमत आहे.

पुण्यात पापण्या आणि डोळ्याच्या खोबणीच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे मुलगी घेऊन गेली. त्यांनी आधी एक छोटं यंत्र माझ्या दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या हाडांवर टेकवलं. त्यात आरसे आणि पट्टी असते. डोळा हाडापासून किती पुढे आलाय ते मिलिमीटरमध्ये कळतं. उजवा २०, डावा २३. माप घेणं हा माझाच धंदा, त्यामुळे तीन मिलिमीटरचा फरक म्हणजे काय हे मला लगेच समजलं. मग प्रश्न : डोळ्यामागे दुखतं का, डोळा फिरवताना दुखतं का. पापण्यांची लाली, सूज, पांढऱ्या भागाची लाली आणि सूज, नाकाजवळच्या कोपऱ्यातला फुगवटा हे त्यांनी स्वतः पाहिलं. या सातांपैकी तीन किंवा जास्त असतील तर आजार जोरात आहे असं धरतात. माझे पाच भरले.

त्यांनी कागदावर काढून समजावलं. शरीरातली जी प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) थायरॉईडच्या गाठीला डिवचतात, तीच डोळ्यामागच्या पेशींनाही डिवचतात. तिथले स्नायू आणि चरबी सुजते. खोबण हाडाची, ती काही मोठी होत नाही, मग डोळा पुढे ढकलला जातो. माझा डोळ्याखालचा स्नायू सुजून ताठ झाला होता, म्हणून वर बघताना दोन दिसायचे. स्कॅनमध्ये तो स्नायू सुतळीसारखा जाड दिसत होता.

"ताई, सुजेचा काळ असतो," डॉक्टर म्हणाले. "आधी चढतो, मग स्थिरावतो, मग थोडा उतरतो. औषध चढत्या काळात सर्वांत चांगलं लागू पडतं. एकदा स्नायूत व्रण धरून तो कायमचा ताठरला की औषधाचा फारसा उपयोग होत नाही, मग बहुतेकदा ऑपरेशन." रंडल नावाच्या डॉक्टरने हा चढउतार १९४५ सालीच मांडून ठेवलाय, हे मुलीने नंतर वाचून सांगितलं. तिनेच सिलेनियम या खनिजाच्या गोळ्यांबद्दलही वाचलं होतं. युरोपात २०११ मध्ये अभ्यास झाला, सहा महिने रोज दोनदा १०० मायक्रोग्रॅम घेऊन फायदा दिसला. डॉक्टरांनी ते उडवून लावलं नाही. तो अभ्यास सौम्य आजाराच्या लोकांवर होता, तुमचं त्यापुढे गेलंय, एवढं शांतपणे सांगितलं. अमेरिकेत २०२० साली या आजारासाठी मंजूर झालेलं टेप्रोटुमुमॅब हे नवं औषधही तिने काढलं होतं. दर तीन आठवड्यांनी, अशी आठ सलाइनं. किंमत ऐकून आम्ही दोघी गप्प बसलो. पहिला प्रश्न त्यांनी सिगारेटचा विचारला होता, कारण धुराने हा आजार भडकतो आणि औषधही नीट लागू पडत नाही. मी ओढत नाही, हे ओढायचे. त्या दिवसापासून दुकानात आणि घरात बंद झाली.

मग १२ गुरुवार. पहाटेची एसटी, पुणे, सलाइनमधून स्टेरॉइड. सहा आठवडे ५०० मिलिग्रॅम, पुढचे सहा २५०, एकूण साडेचार ग्रॅम. सुरू करण्याआधी लिव्हर, साखर, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे, आणि दर खेपेला साखर व रक्तदाब. हे तपासल्याशिवाय कुणी सलाइन लावत असेल तर थांबवा. सलाइन चालू झालं की तोंडात पैसा चघळल्यासारखी चव यायची आणि त्या रात्री झोप अजिबात नाही. मी रात्री दोनला उठून पिको करत बसायचे. चष्म्याच्या काचेवर बारीक रेघांचं प्लास्टिकचं प्रिझम चिकटवून दिलं होतं, त्याने दोनाचं एक व्हायचं. काच धूसर वाटते, पण काम चालतं.

सर्वांत मोठा धोका सुजलेल्या स्नायूंनी डोळ्याची नस दाबण्याचा. रंग फिके पडणं ही त्याची पहिली खूण, त्यात लाल आधी. म्हणून रोज एक डोळा झाकून एकच लाल वस्तू बघायला सांगितलं होतं. मी कुंकवाच्या रंगाचं एक रीळ खिडकीत ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डाव्या डोळ्याला ते विटकरी दिसलं. गुरुवारची वाट न बघता तशीच पुण्याला निघाले. रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचून घेतले, नस तपासली, सगळं ठीक. रात्री घालायच्या जेलचा थर डोळ्यावर राहिला होता. मला ओशाळल्यासारखं झालं, पण डॉक्टर म्हणाले, "असंच यायचं. शंभरदा या." तेव्हापासून डोळे धुऊनच रीळ बघायचे.

सलाइनं संपली तेव्हा लाली गेली होती, सुई एक झाली होती, डावा डोळा २१ वर आला. पण वरची पापणी ओढलेलीच राहिली, बुबुळाच्या वर पांढरं दिसायचं. मला तेच आधी करून हवं होतं, लोक त्याकडेच बघतात. डॉक्टरांनी साफ नकार दिला. क्रम ठरलेला : खोबण मोकळी करायची असेल तर ती पहिली, मग तिरळेपणा, पापणी शेवटी, कारण आधीच्या प्रत्येक ऑपरेशनने पापणीची उंची बदलते. मला पहिली दोन लागली नाहीत, तरी माप सहा महिने जसंच्या तसं राहायला हवं होतं. तेवढे महिने काळा चष्मा, दिवसा थेंब, रात्री जेल, पापणीवर कागदी चिकटपट्टी आणि डोक्याखाली दोन उश्या.

ऑपरेशन फक्त पापणी बधिर करून झालं. पापणी वर ओढणारा स्नायू सैल करतात. अर्ध्यात डॉक्टर म्हणाले, "ताई, उठून बसा," आणि मला टेबलावरच बसवलं. डोळे उघडा, समोर बघा, आता खाली. ते चार पावलं मागे सरकून बघत होते. मीही गिऱ्हाइकाला अशीच आरशापुढे उभी करून, मागे सरकून, दोन्ही खांदे बघते. "डावी अजून अर्धा मिलिमीटर," ते सिस्टरना म्हणाले, आणि मी परत आडवी झाले.