आधी डेटा, मग दुरुस्ती: सांगलीतल्या आमच्या दुकानाची वाटचाल

गिऱ्हाइकाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर नीट उतरल्याशिवाय बिघडलेल्या डिस्कवर दुरुस्तीचा कुठलाही प्रयोग करायचा नाही, हा आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचा पहिला नियम. दुकानात नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला आली की स्क्रू ड्रायव्हर हातात देण्याआधी आम्ही हा नियम समजावून सांगतो. आज लोक मिरज, तासगाव, जयसिंगपूरहून आमच्याकडे डिस्क घेऊन येतात, ते या नियमामुळेच.

२००४ साली गणपती पेठेजवळच्या एका गल्लीत एका शटरच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, खरेदी आणि हिशेब आमचे मिस्टर बघायचे. तेव्हा घरोघरी असेंबल केलेले पीसी येत होते. ४० किंवा ८० जीबीची हार्ड डिस्क, ती जोडायला रुंद चपटी आयडीई केबल आणि डिस्कच्या मागे, पहिली डिस्क कुठली आणि दुसरी कुठली ते ठरवणारे मास्टर-स्लेव्हचे जंपर. हळदीच्या अडत दुकानांत हिशेबाची टॅली आली होती आणि घरात मुलांचे प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, सोसायटीची पत्रं असायची. मशीन हळू झालं की गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, फॉरमॅट मारून द्या." बाजारातही सरसकट हाच उपाय चालायचा: फॉरमॅट मारा, विंडोज टाका, पुढचा नंबर.

आम्हाला हे पटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० म्हणजे सेकंदाला १२०. त्यांच्यावरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर अंतर ठेवून तरंगत असतं. पृष्ठभागावरचा एखादा भाग वाचता येईनासा झाला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ कॉम्प्युटर अडकून बसतो. लोक त्याला "हँग" म्हणतात. अशा जागेवर नवीन काही लिहिलं गेलं, तर डिस्क एक तर ती जागा पुन्हा वापरात घेते किंवा तिच्याऐवजी राखीव जागा वापरते. म्हणून फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं की मशीन काही दिवस छान पळतं. डिस्क मात्र तितकीच आजारी असते, आणि तिथे असलेला फोटो कायमचा गेलेला असतो. हे गिऱ्हाइकाला सांगायला वेळ लागतो. आम्ही तो वेळ दिला.

२००५-०६ नंतरची भारनियमनाची वर्षं आम्हाला बरंच शिकवून गेली. लाईट गेल्यावर डिस्क खराब होते, असा सगळ्यांचा समज होता. खरं तर वीज तुटली तरी फिरत्या तबकड्यांत उरलेल्या गतीच्या जोरावर हेड आपल्या जागी जाऊन बसतं. त्या क्षणी जे लिहिणं चालू असतं, ती फाईल अर्धवट राहू शकते. जास्त धोका लाईट परत येताना असायचा. व्होल्टेज उसळायचं, आणि स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, असेल तर तो झटका थेट डिस्कच्या सर्किट बोर्डापर्यंत पोचायचा. त्या बोर्डावर संरक्षणासाठी एक छोटा डायोड असतो. झटका तो स्वतःवर घेतो, शॉर्ट होतो आणि डिस्क एकदम मुकी होते: फिरत नाही, आवाज नाही, मशीन सुरू होताना येणाऱ्या बायोसच्या यादीत दिसतही नाही. आतल्या तबकड्या बहुतेक वेळा शाबूत असतात. अशा डिस्क वाचवताना फार समाधान मिळतं. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून लावला की काम होईल असं अनेकांना वाटतं, पण त्या त्या डिस्कची स्वतःची माहिती साठवणारी चिप बऱ्याच मॉडेलांत बोर्डावरच असते. ती जुन्या बोर्डावरून नव्यावर हलवावी लागते. सोल्डरिंगचा हात असल्याचा मला इथे उपयोग झाला.

२०११ मध्ये थायलंडला महापूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा वाटा तिथल्या कारखान्यांतून यायचा. सांगलीच्या बाजारातही भाव बघता बघता दुपटीच्या आसपास गेले. नवीन डिस्क परवडेना, म्हणून लोक जुनीच चालवत राहिले, आणि जुनीवर किती भरवसा ठेवायचा हे विचारायला आमच्याकडे येऊ लागले. तोपर्यंत आमचा मुख्य धंदा विक्रीचा होता, तिथून तो तपासणीचा झाला. येणाऱ्या प्रत्येक मशीनच्या डिस्कचे स्मार्टचे आकडे आम्ही वहीत लिहू लागलो. स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद. ती वही अजून चालू आहे.

ही तपासणी कशी चालते, ते एका गिऱ्हाइकाच्या मशीनवरून सांगते. एक निवृत्त शिक्षक आपला घरचा पीसी घेऊन आले. सुरू व्हायला खूप वेळ घेतो, मध्येच निळा पडदा येतो, आणि पत्नीच्या शेवटच्या काही वर्षांचे सगळे फोटो त्यातच आहेत. दुसरीकडे कुठेही प्रत नाही. सरांना खुर्चीवर बसवून आम्ही मशीन त्यांच्यासमोरच उघडलं. आधी कान दिला. टक, टक, टक असा एका लयीत आवाज येत असेल तर हेड बिघडलेलं असण्याची शक्यता मोठी. तेव्हा मशीन लगेच बंद करायचं, कारण प्रत्येक टकटकीला तबकडीवर ओरखडा पडण्याचा धोका असतो. सरांच्या डिस्कचा आवाज सरळ होता. मग डेटा वाहून नेणारी साटा केबल आणि पॉवरचा कनेक्टर बदलला. स्मार्टमध्ये सी-७ हा आकडा वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलमध्ये असतो आणि डिस्क ठणठणीत असते. अशी कितीतरी मशीन आम्ही नुसती केबल बदलून परत दिली आहेत. सरांचा सी-७ शून्य होता. शून्य नव्हते ते ०५ आणि सी-५. पहिला आकडा किती खराब जागांऐवजी राखीव जागा वापरल्या ते सांगतो, दुसरा किती जागा सध्या वाचता येत नाहीत ते. सी-५ आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता.

सरांच्या पुतण्याने घरी चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्रॅम, चालवायला सुरुवात केली होती आणि फार वेळ लागतोय म्हणून बंद केली होती. बंद केली ते उत्तम झालं. चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करते, त्यासाठी डिस्कवर लिहिते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तासन् तास राबवते. डेटा हवा असेल तर ती चालवू नये. तसंच विंडोजने "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विचारलं की नाही म्हणायचं, कितीही वेळा विचारलं तरी.

मग आम्ही डिस्क काढून आमच्या लिनक्सच्या मशीनला जोडली आणि डीडीरेस्क्यू चालवलं. हा मोफत प्रोग्रॅम आहे आणि माझा त्याच्यावर फार जीव आहे. विद्यार्थी परीक्षेत आधी सोपे प्रश्न सोडवतो तसं तो आधी सहज वाचता येणारा सगळा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि शेवटी फक्त त्यांच्याकडे वळतो. काय झालं, काय राहिलं याची नोंद वेगळ्या फाइलीत राहते, त्यामुळे मध्ये लाईट गेली तरी काम तिथूनच पुढे चालू करता येतं. रात्रभर डिस्कवर लहान पंखा लावून ठेवला. सकाळी किरकोळ भाग सोडून सगळं उतरलं होतं. फोटो या प्रतीतून बाहेर काढले, मूळ डिस्कला पुन्हा हात लावला नाही. सरांनी दोन-तीन अल्बम आमच्यासमोर उघडून बघितले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमची एक शिस्त इथेच सांगते. गिऱ्हाइकाचे फोटो, कागद आम्ही स्वतःहून उघडत नाही. तपासायचे असतील तर मालकाला शेजारी बसवून. काम झालं की ठरलेल्या मुदतीनंतर आमच्याकडची प्रत पुसतो आणि तसं कळवतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं आणि पेठेतली दुकानं बुडाली, आमचंही. मशीन वरच्या मजल्यावर चढवून ठेवली होती, ती वाचली. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेले सीपीयू रांगेने येऊ लागले. व्यापाऱ्यांचे हिशेब, डॉक्टरांच्या नोंदी, घरांतल्या आठवणी. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत शिरतं. अशी डिस्क चालू करायची नाही. उन्हात किंवा तांदळात वाळवायचीही नाही, कारण गाळ वाळून तबकडीला चिकटला की मग काढता येत नाही. ओलसरच हवाबंद पिशवीत ठेवून क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खास खोली, असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायची. आमच्याकडे क्लीन रूम नाही, म्हणून आम्ही आमच्या टेबलावर एकही डिस्क उघडली नाही. बांधून पुण्या-मुंबईला पाठवल्या, आणि खर्च किती येईल, हाती काहीच न लागण्याची शक्यता किती, हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं. त्या आठवड्यांत विक्री जवळजवळ नव्हती. आमच्या पोरांनी मात्र रात्री उशिरापर्यंत थांबून प्रत्येक पिशवीवर नाव-पत्ता लिहिला. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

त्यानंतर लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन शाळेसाठी माळ्यावरचे पीसी खाली आले, आणि आम्ही त्यांत एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, टाकत सुटलो. दहा वर्षं जुनं मशीनही त्याने पळायला लागतं. पण एसएसडी टकटक करत नाही. बरेचदा आदल्या दिवसापर्यंत व्यवस्थित चालते आणि सकाळी दिसतच नाही. चुकून उडवलेली फाईलही बहुधा परत मिळत नाही, कारण ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा आतून साफ करून टाकते. नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असू शकते, आणि ४८ अंकी रिकव्हरी की नसेल तर चांगली चालणारी डिस्कही आम्हाला उघडता येत नाही. ती की बहुतेकांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आजच बघून कागदावर लिहून ठेवा.

आता आमच्याकडे दोन बाकांवर फक्त डेटाचं काम चालतं. दर शनिवारी दुपारी कुणाच्याही डिस्कचे स्मार्टचे आकडे मोफत बघून कागदावर लिहून देतो, मशीन आमच्याकडून घेतलेलं असो वा नसो. डिस्क बाहेर काढलेली असेल तर पंचा किंवा फोममध्ये गुंडाळून आणा, दुचाकीच्या डिकीत नुसती टाकू नका. आणि टकटक ऐकू आली असेल तर "चालते का बघू" म्हणून घरी पुन्हा चालू न करता तशीच घेऊन या.