डिस्क भरली आहे, आता काय कराल?

सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या मुलाखतीत मी एकच मोठा प्रश्न विचारते. "वेबसाइटवर कुणाचंच लॉगिन होत नाहीये. तुम्ही सर्व्हरवर गेलात, डीएफ चालवून पाहिलं, तर रूट फाइलसिस्टम १०० टक्के भरलेली. आता काय कराल?" (डीएफ ही डिस्कवरची किती जागा भरली आणि किती उरली ते सांगणारी कमांड; रूट फाइलसिस्टम म्हणजे मशीनची मुख्य फाइलसिस्टम.) मुलाखतीचा बहुतेक सगळा वेळ या एका प्रश्नाच्या पोटात जातो. सर्व्हरची भूमिका माझ्याकडे असते. उमेदवार कमांड सांगतो आणि ती चालवल्यावर स्क्रीनवर काय दिसेल ते मी सांगते. कमांडचं नाव किंवा ऑप्शन आठवला नाही तर "मोठ्या फाइली दाखवणारी ती कमांड" एवढं म्हटलं तरी चालेल, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. रोजच्या कामात मॅन्युअलचं पान आपल्यासमोर कायम उघडं असतं. मुलाखतीतच ते मिटवायला लावण्यात मला अर्थ वाटत नाही.

पहिल्या दोन मिनिटांत बरंच कळतं. कुणी लगेच म्हणतो, "जुने लॉग उडवतो." (लॉग म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाची नोंद ठेवतात त्या फाइली.) कोणते लॉग, किती मोठे, ते लिहितंय कोण, कुणाला ते लागणार आहेत का, यातलं काहीच न बघता. कुणी म्हणतो, "आधी कशानं भरलीय ते बघतो." आणि एखादाच त्याच्याही आधी मला विचारतो, "हे कधीपासून सुरू झालं? आज कुणी काही बदललंय का? डेटाबेस याच डिस्कवर आहे का?" असे प्रश्न आले की मी खुर्चीत सावरून बसते.

कारण साधं आहे. या माणसाच्या हातात आपण रूटचा, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड देणार आहोत. रूटनं दिलेला हुकूम मशीन निमूट पाळतं, चुकीचा असला तरी पाळतं. रात्री दोन वाजता, फोन वाजत असताना, कुणी शेजारी नसताना हा माणूस त्या मशीनसमोर एकटा असेल. तेव्हा हात लावण्याआधी बघण्याची सवय त्याच्याच अंगात असावी लागते. नेटवर्किंग, स्क्रिप्टिंग, क्लाउड हे शिकवता येतं, आम्ही शिकवतोही. ही सवय शिकवायला फार वेळ लागतो, आणि तोवर मशीन खरी असतात, त्यांवरचा डेटाही खरा असतो. म्हणून मुलाखतीत मी मुख्यतः तिचाच शोध घेते.

आता प्रश्नाच्या आत शिरू. उमेदवार डीयू चालवतो, म्हणजे फोल्डरवार बेरीज करून बघतो. मी सांगते, "डीयू म्हणतंय एकूण ४० जीबी वापरात आहे. डीएफ म्हणतंय १०० पैकी १०० जीबी." इथे शांतता पसरते. साठ जीबी गेले कुठे?

माहितगार माणूस इथे चटकन सांगतो: कुणीतरी मोठी लॉग फाइल आधीच उडवलेली आहे, पण जी प्रोसेस (चालू प्रोग्राम) त्या फाइलीत लिहीत होती ती अजून चालू आहे. युनिक्समध्ये फाइलचं नाव आणि फाइलचा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी. फाइल डिलीट करणारी आरएम कमांड फक्त नाव काढून टाकते. ती फाइल उघडून बसलेली शेवटची प्रोसेस ती सोडत नाही, तोवर डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. कोणत्या प्रोसेसनं कोणत्या फाइली उघडल्यात ते दाखवणारी एलएसओएफ कमांड चालवून अशी प्रोसेस शोधता येते. मग ती रीस्टार्ट करायची, किंवा रीस्टार्ट परवडणार नसेल तर चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक या फोल्डरमधून त्या उघड्या फाइलीपर्यंत पोहोचून ती रिकामी करायची.

हे उत्तर आलं की मला आनंद होतो. पण याहून जास्त लक्षात राहिलं ते एका मुलीचं उत्तर. तिचा अनुभव बेताचाच, डेस्कटॉप सपोर्टमधून आलेली, हा प्रकार तिनं कधी पाहिलेला नव्हता. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मला माहीत नाही. पण दोन कमांड वेगळे आकडे देतायत, म्हणजे त्या वेगळ्या ठिकाणाहून मोजत असणार. डीयू फोल्डरमधून एकेक फाइल बघत फिरतं. मग डीएफ थेट फाइलसिस्टमलाच विचारत असेल का? तसं असेल, तर डिस्कवर काहीतरी असं आहे ज्याला नाव नाही." पाठ केलेलं काहीच नव्हतं, तरी ती उत्तराच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिला एवढंच सांगितलं, "आता असं समजा की काल कुणीतरी एक फाइल डिलीट केली आहे," आणि उरलेलं तिनं स्वतः जोडलं. "मला माहीत नाही" हे वाक्य इतक्या सरळपणे म्हणून पुढे चालत राहणारी माणसं मला फार मोलाची वाटतात. माहीत नसताना माहीत असल्यासारखं बोलणारा माणूस प्रॉडक्शन सर्व्हरवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर, धोकादायक असतो, मग त्याचा बायोडेटा कितीही लांब असो.

(आकड्यांतल्या या फरकाला आणखीही एक कारण असू शकतं. एखाद्या फोल्डरवर दुसरी डिस्क माउंट झालेली, म्हणजे जोडलेली, असते आणि माउंट होण्याआधी त्या फोल्डरात लिहिलेला डेटा खाली दडून राहतो. डीयूला तो दिसत नाही. हे स्वतःहून सांगणारा भेटला, तर त्याच्याशी गप्पा वेळ संपल्यावरही चालू राहतात.)

बरेच अनुभवी लोक म्हणतात, "रीबूट करतो." यावर मी नाक मुरडत नाही. वरच्या प्रसंगात रीबूटनं जागा खरोखरच मोकळी होईल, कारण प्रोसेस मरेल. मी फक्त विचारते, "त्याची किंमत काय?" चांगला माणूस सांगतो की कोणती प्रोसेस फाइल धरून बसली होती याचा पुरावा जाईल आणि काही दिवसांनी हाच प्रकार पुन्हा होईल. त्याहून चांगला माणूस विचारतो की हे मशीन शेवटचं कधी रीबूट झालं होतं. दोन वर्षं सलग चालू असलेल्या सर्व्हरच्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते लिहिलेल्या फाइलीत) मधल्या काळात कुणी चुकीची ओळ टाकली असेल, तर ती रीबूटच्या वेळीच कळते आणि मशीन वर येत नाही. किंमत माहीत असून, सगळं तोलून कुणी रीबूट निवडलं तर मला ते मान्य आहे. वेबसाइट लवकर सुरू होणं हीसुद्धा खरी गरज असते.

वेळ उरला तर मी कोडं बदलते. डीएफ सांगतंय की ४० टक्के जागा शिल्लक आहे, तरी नवीन फाइल लिहिताना "जागा नाही" अशी एरर येते. इथे आयनोड संपलेले असतात. आयनोड म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी नोंद; प्रत्येक फाइलीला एक लागतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टममध्ये आयनोडची संख्या फाइलसिस्टम तयार होतानाच ठरते. एखाद्या अ‍ॅप्लिकेशननं बारीक बारीक सेशन फाइलींचा ढीग घातला की जागा असूनही नवीन फाइलीला आयनोड मिळत नाही.

याच दरम्यान मी एकदा मुद्दाम मध्ये बोलते, आवाज बदलून, मॅनेजर झाल्यासारखी: "साइट कधी सुरू होणार? ग्राहकांचे फोन येतायत." काही जण घाबरून आकडा फेकतात, "पाच मिनिटांत." काही चिडतात. मला ऐकायचं असतं ते साधारण असं: "कारण अजून कळलेलं नाही. डेटा सुरक्षित दिसतोय. दहा मिनिटांनी मी स्वतः पुन्हा सांगतो, काही कळलं नाही तरी सांगतो." शेवटचे ते पाच शब्द म्हणणारे उमेदवार फार कमी भेटतात.

पोर्ट नंबर, सिग्नलचे नंबर, ऑप्शनची अक्षरं असे प्रश्न मी विचारत नाही. प्रोसेस बंद करणाऱ्या किल कमांडला ९ नंबरचा सिग्नल द्यायचा का १५, हे कुणीही शोधून काढू शकतं. मी विचारते की ९ शेवटी का वापरायचा. १५ प्रोसेसला आवरासावर करायला वेळ देतो, ९ देत नाही, आणि डेटाबेसच्या बाबतीत हा फरक महागात पडू शकतो. आता दूरस्थ मुलाखतींत दुसऱ्या खिडकीतून उत्तर वाचून दाखवणारेही असतात. डिस्कच्या प्रश्नात त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण प्रत्येक कमांडनंतर सर्व्हर काय म्हणणार हे मी ठरवते आणि ते दर उमेदवाराला थोडं बदलते.

"तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक सांगा" हा प्रश्न बहुतेक पॅनेलना आवडतो. त्याची उत्तरं आता घासूनपुसून आणलेली असतात, म्हणून मी त्याऐवजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेची घटना समोर ठेवते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या दुय्यम डेटाबेस सर्व्हरवर येणारी प्रत मुख्य सर्व्हरच्या फार मागे पडली होती. ती दुरुस्त करताना एका इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हरचा डेटा काढतोय असं समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा काढायला सुरुवात केली. लक्षात येऊन त्यानं थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच्या आसपास उरलं होतं. मग बॅकअप बघायला गेले. रोजचा डेटाबेस डंप (डेटाची फाइलीत काढलेली प्रत) चालतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीवर आणि डंप घेणारं साधन ९.२ चं. तो अयशस्वी झाल्याचे ईमेल सर्व्हरवरून निघत होते, पण डीमार्कच्या (ईमेल खरंच त्याच पाठवणाऱ्याकडून आलाय का ते बघणाऱ्या) तपासणीत नाकारले जात होते, त्यामुळे कुणापर्यंत पोहोचलेच नाहीत. वाचवलं ते सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हातानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटनं, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाच्या प्रतीनं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून जाहीर केलं, दुरुस्तीचं काम चालू असताना ते लोकांना थेट दाखवलंही. या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही आदर वाटतो.

एवढं सांगून मी विचारते, "दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या टीममध्ये रुजू झालात. पहिलं काम काय कराल?"

"त्या इंजिनिअरला काढून टाकायला हवं" असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण नोंद करते, कारण अशा माणसाच्या टीममध्ये पुढची चूक लपवली जाईल. कुणी म्हणतो, दोन्ही सर्व्हरच्या प्रॉम्प्टचे (जिथे कमांड टाइप करतो त्या ओळीचे) रंग वेगळे करीन, मुख्य सर्व्हरचा लाल. छोटी गोष्ट, पण कामाची. कुणी सांगतो, बॅकअप अयशस्वी झाल्याचा ईमेल येण्यावर विसंबणार नाही. शेवटचा यशस्वी बॅकअप किती जुना आणि किती मोठा आहे हे मॉनिटरिंगमध्ये लावीन, म्हणजे काहीच न येणं हाच इशारा ठरेल. आणि कुणी म्हणतो, "दर आठवड्याला एक बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघीन." इथवर आलेल्या माणसाला बॅकअपबद्दल आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

पॅनेलवर माझे एक सहकारी असतात, त्यांना सर्टिफिकेट महत्त्वाची वाटतात. आमचं यावर एकमत नाही. सर्टिफिकेटसाठी केलेला अभ्यास खरा असतो, त्याचा मान ठेवावा. पण बायोडेटात मी आधी बघते की या माणसानं स्वतःचं म्हणून काही चालवलंय का. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा मेल सर्व्हर असेल, कॉलेजच्या लॅबची मशीन असतील, एखाद्या संस्थेची वेबसाइट असेल. स्वतः चालवलेली गोष्ट स्वतःलाच दुरुस्त करावी लागते, आणि त्याबद्दल बोलायला लागलं की घाबरलेला उमेदवारही मोकळा होतो.

घाबरण्याबद्दल थोडं. या कामातली कितीतरी चांगली माणसं अबोल असतात. अनोळखी तीन जणांसमोर बोलताना त्यांचा गळा सुकतो. म्हणून उमेदवार विचार करत असेल तर मध्ये कुणी बोलायचं नाही, असं मी पॅनेलला आधीच सांगते. एक मिनिट शांतता राहिली तर राहू दे. आणि मुलाखत संपल्यावर एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकानं आपलं मत लिहून काढायचं, नाहीतर जो पहिल्यांदा आणि मोठ्यानं बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होऊन बसतं. ज्यांना घेत नाही त्यांनाही कळवायचं, आणि त्यांनी विचारलं तर कारण सांगायचं. "आयनोड आणि माउंट यांवर थोडं वाचा, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा" एवढं लिहायला किती वेळ लागतो? पण ते न लिहिल्यामुळे एखादा चांगला माणूस आपल्यात काहीतरी कमी आहे असं धरून बसतो, हे मी पाहिलंय.

शेवटची दहा मिनिटं उमेदवाराची. त्यातही मी कान देऊन ऐकते, कारण या कामाची खरी चव माहीत असलेला माणूस नेमकं विचारतो. ऑन-कॉल (कामाच्या वेळेबाहेर अडचण आली तर बघण्याची पाळी) किती जणांत वाटलेलं आहे? रात्री अलर्ट आला तर दुसऱ्या दिवशी उशिरा आलं तर चालतं का? बॅकअप शेवटचा कधी रिस्टोअर करून पाहिला होता? मी जे आहे ते सांगते. ऑन-कॉलवर माणसं कमी आहेत तर कमी आहेत म्हणते, कोणता सर्व्हर जुना आहे आणि कुणाला त्याला हात लावायची इच्छा नाही तेही सांगते. शेजारी मॅनेजर बसलेले असतात, ते अस्वस्थ होतात. पण रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे सगळं त्या माणसाला दिसणारच असतं, आणि ते माहीत असून "हो" म्हणणारे लोक आमच्याकडे टिकले आहेत.