आगटीवरचे तात्या

सेलूजवळच्या आमच्या शेतात दर पौषात हुरडा होतो. आगटीभोवती बारा-पंधरा जण बसले की तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, ऊत येतो. यंदा मी गरम कणीस घाईनं उचललं, चटका बसला, टाकून दिलं. झालं! "अरे, संभाजीनगरच्या साहेबाला चिमटा आणा रे कुणीतरी!" सगळे खो-खो. हाच विनोद नंतर एकट्यानं आठवून पाहिला, तर ओठसुद्धा हलेना. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकानं हे मोजलंय: माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. आगटीवर पन्नासपट धरायला माझी हरकत नाही.

संध्याकाळी तात्या मला मोटारसायकलवर स्टेशनला सोडायला निघाले. मोटारसायकलचं एक बरं असतं, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. ओढ्याच्या पुलावर त्यांनी गाडी हळू केली आणि मागं न बघताच म्हणाले, "दोन महिने झाले, रातीला झोप लागंना बघ."

मला काय बोलावं सुचेना. "काकूला माहितेय?"

"कुणालाच नाही. तू बी बोलू नको."

मग कापसाचा भाव, पोराचं लग्न, गुडघा, सगळं एकात एक गुंतलेलं निघत गेलं. निम्मे शब्द वाऱ्यानं नेले. उरलेल्यांसाठी मी कान त्यांच्या खांद्याशी नेला.

1969 साली आणखी एका रॉबर्टनं, रॉबर्ट झायन्सनं, झुरळं पळवून पाहिली होती. बघायला दुसरी झुरळं असली की सरळ वाटेवर झुरळ जास्त जोरात पळायचं. वळणावळणाच्या वाटेवर मात्र बघ्यांपुढं जास्त वेळ लावायचं. तात्यांना मी कुणाच्या पंगतीला बसवलं हे कळलं, तर पुढच्या वर्षी माझा हुरडा बंद. पण साहेबाची चेष्टा ही सरळ वाट आहे. झोप न लागण्याची वाट बारा जणांपुढं कशी चालावी?

स्टेशनाबाहेर चहाच्या गाड्यावर गावातले तिघं उभे होते. स्टँड लावायच्या आधीच तात्या ओरडले, "बघा, साहेब आले! अजून बोटं फुंकायलेत!"

तिघं हसले. हसता हसता तात्यांनी एकदा माझ्याकडं पाहून घेतलं.

मी बोटं वर करून फुंकून दाखवली.