तुम्ही विचारलंत म्हणून : बाहेरगावी मुलाखत आणि रजेचा अर्ज

"काकू, गुरुवारी पुण्याला इंटरव्ह्यू आहे. कंपनीत काय सांगू?" कॉलनीतली मुलं विचारतात, भाचे-पुतणे विचारतात, कधी परभणी-लातूरहून कुणाच्या तरी ओळखीनं फोन येतो. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी टाइम ऑफिसात गेली. हजेरी, गेटपास, रजेचे अर्ज, शिफ्टची अदलाबदल, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. ज्या खिडकीपाशी ही मुलं अडखळतात तिच्या आतल्या बाजूला मी बसत होते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं मत पहिल्यांदा सांगून टाकते. कारण झाका, गैरहजेरी झाकू नका. रीतसर अर्ज करा, मंजूर करून घ्या आणि कारणाच्या रकान्यात ‘खाजगी काम’ एवढंच लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे. रजा ही कुणी केलेली मेहेरबानी नाही. दुकानं आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, त्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा, म्हणजे सी.एल., दिलेली आहे. कारखान्यात पी.एल., म्हणजे कमावलेली पगारी रजा, साठते ती कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस या हिशेबानं. तुम्ही उभं राहून, घाम गाळून मिळवलेले दिवस आहेत ते. पण पी.एल.चा अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा ही कारखान्यांतली जुनी रीत, आणि मुलाखतीचा फोन येतो तीन-चार दिवस आधी. तिथे सी.एल.च कामाला येते. नोकरी शोधायची असं मनात ठरलं की त्या दिवसापासून सी.एल. जपून वापरा. जत्रा, बारसं, सोयऱ्याचं लग्न यांत ती मार्चपर्यंतच संपवून बसलेली मुलं मी दरवर्षी पाहायची, आणि ऐन वेळी तीच खोट्याच्या वाटेला जायची.

खोटं का नको, तर आपल्या भागात ते टिकतच नाही. मुंबईत शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं गाव ठाऊक नसतं. इथे कंपनीच्या बसमध्ये गंगापूर, वैजापूर, पैठण, अंबड सगळं भरलेलं असतं, आणि प्रत्येकाची कुणीतरी प्रत्येकाच्या गावात दिलेली असते. एका मुलानं चुलते वारल्याचं सांगून रजा घेतली. सेक्शनमधली माणसं भली, ती सुट्टीच्या दिवशी भेटायला म्हणून गाडीवर त्याच्या गावी गेली. चुलते ओट्यावर बसलेले. पुढच्या वर्षी त्याचे वडील खरोखर दवाखान्यात होते, तेव्हा सुपरवायझरनं कागद मागितले. पोरगा माझ्या खिडकीपाशी रडला. त्याला मुलाखतीला जायचं होतं यात काहीच वावगं नव्हतं, आणि तरी त्याच्यावर ही वेळ आली. आजारपणाचं खोटं याहून वाईट. ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे त्यांची ई.एस.आय., म्हणजे कामगार विमा योजना, असते, आणि तिथल्या कागदावर खोटं आजारपण दाखवून पैसे उचलणं हा गुन्हा आहे. एका मुलाखतीसाठी तेवढं कुणी अंगावर घेऊ नये.

रजा मागण्याआधी एक फोन समोरच्या कंपनीला करा. आपली मुलं इथे फार लाजतात. बोलावलं त्या तारखेला हजर व्हायचं, एवढंच त्यांना वाटतं. अरे, विचारा ना : पहिली फेरी व्हिडिओवर होईल का? किती फेऱ्या आहेत? सगळ्या एकाच दिवशी घ्याल का, मी संभाजीनगरहून येतोय. माणसं ऐकतात. मीही इकडून बाहेरगावच्या उमेदवारांच्या वेळा जुळवून दिल्या आहेत, त्याचा कुणाला राग येत नाही. प्रवासखर्च देता का, हेही विचारण्यात कमीपणा नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. औद्योगिक पट्ट्यांची साप्ताहिक सुट्टी सगळीकडे एकाच वाराला नसते. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे पुष्कळ कारखाने गुरुवारी बंद असतात. तुमची सुट्टी ज्या वारी आहे त्या वारी तिकडे काम चालू असेल, तर तोच दिवस मागून घ्या. रजेला हातच लावावा लागत नाही.

शिफ्टवाल्यांना मात्र कळकळीनं सांगते, नाइट करून थेट गाडीत बसू नका. सकाळी सातला सुटायचं आणि पाच-सहा तास बस करून दुपारी मुलाखत द्यायची, असा बेत बरेचजण करतात. डोळे लाल, उत्तर सुचत नाही, आणि हातातली संधी जाते. दोस्ताशी शिफ्ट बदलून घेतलीत तर तो कारण विचारणारच. एक माणूस सांभाळता येतो. त्यानं आणखी एकाला सांगितलं की लाइनवर सगळ्यांना कळतं.

प्रवासाचं म्हणाल, तर अर्धी अडचण तिथेच आहे. पुणे रस्त्यानं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पण रेल्वे मनमाड-दौंडचा फेरा घेऊन जाते, म्हणून एस.टी. किंवा ट्रॅव्हल्स. सकाळची मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच निघा, अहिल्यानगरच्या पुढे रस्ता कधी कुठे तुंबेल याचा नेम नाही. मुंबईसाठी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस अजूनही चांगली. जालन्याहून ३० डिसेंबर २०२३ ला वंदे भारत सुरू झाली तेव्हा मुलांना आनंद झाला होता, पण आता ती नांदेडहून निघते आणि मुंबईला दुपारी पोचते. सकाळी दहाला बोलावलेल्याला तिचा उपयोग नाही. लातूरकरांना त्यांची रात्रीची लातूर-मुंबई आहे. तत्काळचं तिकीट आदल्या दिवशी काढायचं असतं, ए.सी.चं दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं. ती वेळ नेमकी शिफ्टमधली असते, आणि लाइनवर मोबाइल काढून तिकीट काढणारा सगळ्यांना दिसतो. ते काम घरच्या कुणाला तरी द्या.

पुण्यात आत्याकडे उतरायचा मोह आवरा. आत्या प्रेमानं गावाला फोन करते, गावातून तो मामाकडे जातो, आणि मामाचा मुलगा तुमच्याच प्लांटला असतो. वडिलांनाही सांगून ठेवा. पोरगं मुलाखतीला गेलंय हे पारावर सांगताना त्यांची छाती भरून येते, ते साहजिक आहे. आठवडाभर थांबा, एवढंच म्हणा. आपल्याकडे बहुतेक घरांत पगारी नोकरीची ही पहिली किंवा दुसरी पिढी, तिचा अभिमान कसा लपणार? प्रवासाचं स्टेटस टाकू नका, हे तर कळतंच. नोकरीच्या पोर्टलवर सध्याच्या कंपनीला आपली माहिती दिसू नये अशी सोय असते, ती चालू करा. आणि मुलाखतीत स्पष्ट सांगा, ऑफर देईपर्यंत माझ्या कंपनीत चौकशी करू नका. हे वाक्य म्हणायला मुलं कचरतात, पण एच.आर.वाल्यांना ते रोजचं असतं.

मुलींचं थोडं वेगळं आहे. मुलीनं खाजगी कामासाठी रजा घेतली की ऑफिस आपोआप ठरवतं, पाहुणे बघायला येणार. परत आल्यावर "काय, जमलं का?" असं हसून विचारतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना याची चीड येते, आणि ती रास्त आहे. मी त्यांना म्हणते, हो म्हणू नका, नाही म्हणू नका, कामाला लागा. रात्रीच्या प्रवासाला घरून नकार येतो तेव्हा मात्र भांडावं लागलं तरी भांडा. आईला सोबत घ्या, दिवसाची तपोवन एक्सप्रेस धरा, एक दिवसाची जास्त रजा टाका, पण त्या कारणानं मुलाखत सोडू नका. मी शक्य तिथे आईवडिलांशी स्वतः बोलले आहे.

सरकारी नोकरीत किंवा अनुदानित कॉलेजात असाल तर गुपचूप प्रकार जमतच नाही. दुसरीकडच्या सरकारी जागेसाठी अर्ज योग्य मार्गानं, म्हणजे आपल्याच कार्यालयामार्फत, जातो, ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि रजेत बाहेरगावी जायचं तर मुख्यालय सोडण्याची परवानगी. तिथे अर्ज करतानाच ना हरकत मागून ठेवा, मुलाखतीच्या आठवड्यात ती मिळेल अशी आशा धरू नका. ठेकेदाराकडे असलेल्या मुलांबद्दल बोलताना मला त्रास होतो. कागदावर काही असलं तरी प्रत्यक्षात त्यांची रजा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. त्यांनी तर अमुक पगार, अमुक काम हे फोनवर पक्कं करून घेतल्याशिवाय तिकीटच काढू नये. वॉक-इनच्या, म्हणजे ‘थेट या आणि मुलाखत द्या’ अशा, जाहिरातीवर भुलून खिशातले पैसे घालू नयेत.

साहेबानं तोंडावर विचारलं, मुलाखतीला गेला होतास का, तर? साहेब कसा आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. समजूतदार असेल तर "हो साहेब, एके ठिकाणी बघतोय, अजून काही ठरलेलं नाही" असं सांगायला हरकत नाही. कित्येक साहेब स्वतः असेच कंपन्या बदलत वर आलेले असतात. डूख धरणारा असेल तर "खाजगी काम होतं साहेब" इतकंच, आणि पुन्हा विचारलं तरी तेवढंच. पण साफ नाही म्हणू नका, कारण महिन्याभरानं राजीनाम्याचा कागद घेऊन याच माणसासमोर उभं राहायचं असतं.

आणि तो राजीनाम्याचा कागद द्यायचा, तो ऑफर लेटर हातात आल्यावरच. फोनवरच्या "तुमचं झालंय" या शब्दांवर नाही. लेटरमधला पगार, गाव आणि रुजू होण्याची तारीख वाचा, आपल्या नेमणूकपत्रातला नोटिशीचा काळ काढून बघा, आणि दोन्ही जुळत नसतील तर तारीख नव्या कंपनीकडून वाढवून घ्या. मग सुपरवायझरला सगळ्यांच्या आधी, एकट्याला भेटून सांगा. नोकरीतून मोकळं करण्याच्या, म्हणजे रिलीव्हिंगच्या, कागदांवर त्याचीही सही लागते.