धनुष्कोडीची मूठभर वाळू

सेतूची वाळू प्रयागला वाहायची आणि तिथलं गंगाजल आणून रामेश्वराला घालायचं, हे आईच्या मनात कित्येक वर्षं होतं. सोलापूरहून रेल्वेने चेन्नई, तिथून पुढची गाडी. पांबनचा १९१४ चा रेल्वेपूल तेव्हा बंद होता, म्हणून मंडपमला उतरून रस्त्याच्या पुलावरून बेटावर गेलो. रामेश्वरात आधी अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग देवळातल्या बावीस तीर्थांचं पाणी अंगावर. ओल्या कपड्यांनी दर्शनाला सोडत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला नेणार असाल तर कोरडं लुगडं पिशवीत अगदी वर ठेवा.

दुसऱ्या दिवशी धनुष्कोडी. रिक्षावाल्याला विचारलं, 'कोडी' म्हणजे शंभर लाख का? त्याने हवेत कमान काढली आणि तिच्या टोकावर बोट ठेवलं. एकदम उलगडलं. संस्कृतातही धनुष्याच्या टोकाला कोटी म्हणतात, आणि आपल्या 'पराकोटी'तली कोटी तीच. लंकेहून परतताना बिभीषणाच्या विनंतीवरून रामाने धनुष्याच्या टोकाने सेतू मोडला, अशी कथा आहे. जमीनही निमुळती होत जाते. एका अंगाला पाल्कचा उपसागर, दुसऱ्या अंगाला मन्नारचं आखात.

आई पडक्या चर्चपाशी बसली ती उठेचना. इथून श्रीलंकेतल्या तलैमन्नारला आगबोट सुटायची, आगगाडी थेट धक्क्यापर्यंत यायची. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळाच्या लाटेने पांबनहून आलेली पॅसेंजर गाडीच ओढून नेली. शंभराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर सरकारने हे गाव राहण्यास अयोग्य ठरवलं.

माझी नोकरी जमिनीच्या दप्तरात गेली. वस्ती उठलेल्या गावापुढे आम्ही 'बेचिराख' लिहायचो. शब्द फारसीतला, जिथे चिराग नाही ते. इतकी वर्षं लिहिला, पण त्यातला दिवा मला तिथे दिसला. संध्याकाळ झाली तसे पोलीस सगळ्यांना परत पाठवू लागले. मागे वळून पाहिलं, कोळ्यांच्या थोड्या झोपड्या सोडल्या तर सगळा अंधार.

आईने मूठभर वाळू पदराच्या टोकाला बांधून घेतली. प्रयागची तिकिटं अजून काढायची आहेत, तोवर ती देवघरात पितळी डबीत आहे. तिन्हीसांजेला दिवा लावला की आई निरांजन थोडं डबीकडे सरकवते.