तुम्ही विचारलंत म्हणून: तळ्याच्या काठाला जनावरं सोडावीत का?

माती तपासून घ्यायला येणारा माणूस सहसा उसाचंच विचारतो. युरिया किती टाकू, पोटॅश लागतंय का, सेंद्रिय कर्ब कसा वाढवायचा. पण बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग, गोकाक, अथणीकडून मातीच्या पिशव्या घेऊन येणारे हल्ली जाता जाता, चपला पायात सरकवताना, आणखी एक विचारतात: "तळ्यात जनावरं चरालेत म्हणून तिथली माती मेली म्हणतात. खरं काय वो ताई?" विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. काही गावच्या तळ्याला तारेचं कुंपण घालायला निघालेले, आणि काही ज्यांची म्हसरं त्या कुंपणाबाहेर राहणार ते. दोघांनाही हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं, आणि दारात उभ्याउभ्या मला तेवढ्यात उरकता येत नाही. म्हणून हे लिहून काढते.

आधी कुठल्या तळ्यांबद्दल बोलतोय ते. खानापूरकडं घाटाला लागून पाऊस कोसळतो. तिथून ईशान्येला, अथणी-गोकाकच्या पट्ट्यात, वर्षाला ५००-६०० मिलिमीटर झाला तरी लोक पाऊस बरा झाला म्हणतात. अशा कोरडवाहू मुलखात जिथं पाणी साठतं त्या जागा म्हणजे गावची केरी (तळी), जुने बंधारे, हिडकल धरणाचं मागचं पाणी आणि घटप्रभेवर धुपदाळच्या बंधाऱ्यामागं पसरलेलं उथळ पाणी. धुपदाळला १९७४ पासून पक्षी अभयारण्य आहे, थंडीत तिथं करकोचे उतरतात. या सगळ्या जागा काही महिने पाण्याखाली आणि काही महिने उघड्या. पाणी मागं हटलं की काही जण गाळपेर करतात, हरभरा नाहीतर शाळू टाकतात. उरलेल्या काठावर हराळी आणि लव्हाळा उगवतो. आजूबाजूचा माळ पिवळा पडलेला असताना हिरवं काय ते एवढंच, मग जनावरं तिथं जाणारच.

आता खूर. उभ्या म्हशीच्या खुराखाली मातीवर चौरस सेंटिमीटरला दीड ते दोन किलोच्या आसपास भार येतो, मेंढराचा त्याच्या निम्म्याच्या जवळपास. चालताना एखाद-दोन पाय उचललेले असतात, तेव्हा उरलेल्या पायांवर आणखी. हा भार मोकळ्या ट्रॅक्टरच्या चाकाखालच्या दाबापेक्षा जास्त भरतो असं सांगितलं की लोक माझ्याकडं संशयानं बघतात. ट्रॅक्टरचं ओझं खोलवर पोचतं, खुराचं मात्र वरच्या ४ ते ६ इंचांत थांबतं. पण मुळं, गांडुळं आणि पाणी खाली नेणारी मोठी छिद्रं बहुतेक त्याच थरात असतात.

भार तोच असला तरी कोरड्या मातीत त्याचा परिणाम वेगळा आणि ओल्यात वेगळा. वाळलेली काळी माती दगड होते, खूर पडला तर वरवरचा भुगा होतो, आत काही दबत नाही. ओलीत माती सरकते, छिद्रं मिटतात, कण एकमेकांवर चिकटून बसतात. वापसा नसताना, म्हणजे माती औताजोगी सुकलेली नसताना, शेतात औत घालणाऱ्याला आपण वेड्यात काढतो आणि त्याच ओलीत तळ्याच्या काठावर पन्नास म्हसरं सोडतो. खानापूरकडं भाताच्या लावणीआधी चिखल करतात, तो मुद्दाम ह्याचसाठी: मातीची घडण मोडली की पाणी खाली जिरत नाही. भाताला ते हवं असतं. तळ्याच्या खोल तळालाही त्यानं फार बिघडत नाही, उलट पाणी टिकतं. काठाला मात्र ते मानवत नाही, आणि तळ्याच्या वरच्या माळाला तर मुळीच नाही.

माझी एक साधी तपासणी आहे, कुणीही करावी. तेलाच्या गोल डब्याची दोन्ही बुडं कापायची, ती नळी चार बोटं मातीत ठोकायची, आत तांब्याभर पाणी ओतायचं आणि मोबाईलवर वेळ लावायची. जनावरांच्या रोजच्या वाटेवर ठोकलेल्या डब्यात पाणी उभंच राहतं, सोबत आणलेला चहा पिऊन झाला तरी बोटभर उतरत नाही. तिथून वीसेक पावलांवर, लव्हाळ्याच्या झुबक्यापाशी, तेच पाणी बोलता बोलता जिरतं. गाळ दोन्हीकडं एकच, ऊन-पाऊस एकच. फरक फक्त पायांचा. कुंपणवाले इथं खूश होतात आणि निघायला बघतात. त्यांना मी बसवून घेते, कारण खरी गोष्ट पुढं आहे.

आपली काळी माती स्वतःला दुरुस्त करते. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वळवाच्या पावसात वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पुन्हा फुगताना दबलेला थर आतून फुटतो. एका वर्षात सगळं निवळत नाही, पण दरसाल ओलं-वाळलं होत राहिलं तर खुरांनी दाबलेली काळी हळूहळू मोकळी होते. पश्चिमेकडच्या तांबड्या मातीत ही ताकद नाही. तिथं एकदा दबलं की मुळं आणि किडे-गांडुळं जेवढं पोखरतील तेवढंच. म्हणजे कोरडवाहू मुलखातलं तळं दरवर्षी आटायचं हे त्याच्या काठाच्या मातीच्या भल्याचंच होतं. आमचे आजोबा-पणजोबा शेकडो वर्षं त्याच काठांवर जनावरं चारत आले आणि काठ टिकले, त्यामागं एक मोठं कारण हे.

मग आता काय बिघडलं? माझं मत विचाराल तर जनावरापेक्षा पाणी बदललं. कालवे आले, ऊस आला, पाट बारमाही झाले. कृष्णाकाठी आणि कालव्याखालच्या कितीतरी ओढ्यांना, तळ्यांच्या काठांना आता मे महिन्यातही ओल सुटत नाही. वरच्या शेतातून पाझर येतच राहतो. माती वाळत नाही, भेग पडत नाही, आणि खुरांचा मार तेवढाच राहतो. दुरुस्तीचे महिनेच गेले. त्यात खालून क्षार वर येतात. चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या, काठाचा नमुना आला की मी माणसाला समोर बसवून दाखवते. हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडायचं, ढवळायचं नाही. बोअरचं पाणी घेऊ नका, त्यातल्या क्षारांनी खेळ फसतो. चांगली काळी बारीक तुकडे होऊन तळाला बसते आणि वरचं पाणी नितळ राहतं. सोडियम चढलेल्या ढेकळाभोवती मात्र दुधाळ ढग उठतो, आणि दुसऱ्या दिवशी आलात तरी पाणी गढूळच. अशा मातीत ओलीत खूर पडला तर कण सुटून वाहतात, वाळल्यावर वर पापडी धरते, आणि तिच्यातून हराळीचा कोंबसुद्धा वर येत नाही. तिथं चराई थांबवावी लागते, यात मला शंका नाही. पण चराई थांबवून चोपण सुटत नाही. त्याला चर काढून निचरा करायला हवा, आणि वरच्या उसाचं पाणी आवरायला हवं. हे सांगितलं की खोलीत शांतता पसरते, कारण वरचा ऊस बहुधा विचारणाऱ्याच्याच भाऊबंदाचा असतो.

धनगरांचं वेगळं सांगायला हवं, कारण आरोप त्यांच्यावर पहिला येतो. बाहेरचा माणूस, रात्रीत येतो, सकाळी जातो, त्याच्यावर खापर फोडणं सोपं. पण पावसाळ्यात ओलसर काठाला बकरी नेणारा धनगर मला सहसा भेटत नाही. माती त्याच्या मनात असो नसो, त्याला खुरं सडण्याची भीती असते. शिवाय तळ्याकाठच्या गोगलगायींमधून यकृताचे चपटे कृमी गवतावर येतात आणि मेंढराच्या पोटात जातात. म्हणून तो पावसाळ्यात कोरड्या माळाला सरकतो आणि सुगी झाल्यावर, काठ आळून घट्ट झाला की, उतरतो. जनावराच्या तब्येतीसाठी पाळलेली ही वेळ मातीलाही मानवते. वर शेतात बकरी बसवली तर लेंडी आणि मूत जागेवर पडतं, त्याचे पैसे नाहीतर धान्य शेतकरी खुशीनं देतो. तोच शेतकरी तळ्यावर मात्र त्याला हुसकतो, याची मला गंमत वाटते.

शेणाचा हिशेब लोक चुकीचा मांडतात. "चरतात तिथं शेण टाकतात, म्हणजे फिट्टंफाट," असं म्हणतात. जनावर जेवढा नत्र खातं त्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त शेण-मुतातून बाहेर पडतो हे खरं. पालाश (पोटॅश) बहुतेक मुतात, स्फुरद (फॉस्फरस) बहुतेक शेणात. पण पडतो कुठं? दिवसा तळ्याचं गवत, रात्री गोठा. गोठ्यातलं उकिरड्यावर, उकिरड्यावरचं उसाला, आणि काठावर पडलेलं बायका गोळा करून शेणी थापतात, ते चुलीत. तळ्याच्या काठाकडून शेताकडं अशी एकतर्फी वाहतूक वर्षानुवर्षं चालू असते. तळ्याला दरसाल नवा गाळ येतो म्हणून ती उघड दिसत नाही, इतकंच. उलट दुपारी जनावरं जिथं पाण्याशी बसतात त्या एका ठिकाणी एवढं साचतं की हराळी जळते. ओलीत नत्राचा बराच भाग हवेत उडतो, आणि तिथं गाजर गवत माजतं. पलीकडं पाण्यालगत बेशरम. तिला जनावर तोंड लावत नाही, म्हणून बाकीचं चरून संपलं की रान तिचंच. वेडी बाभूळ तर शेळ्या-मेंढ्याच पेरतात, शेंगा खातात आणि लेंडीतून बी टाकतात. (जाता जाता: जंताचं इंजेक्शन दिल्यावर काही दिवस त्या शेणात औषध उतरतं आणि शेणकिडे मरतात. शेण जमिनीत पुरायचं काम फुकटात करणारी ती मंडळी. तळ्यावर सोडायच्या तोंडावर इंजेक्शन देऊ नका.)

मग सरसकट बंदी का नको? भरतपूरमुळं. राजस्थानात तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली म्हशींची चराई बंद केली. गावकरी उठले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर पास्पलम नावाचं पाणगवत असं माजलं की उघडं पाणी झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या तिथल्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्षही हाच की म्हशींनी ते गवत आटोक्यात ठेवलं होतं. भरतपूर म्हणजे धुपदाळ नव्हे, तिथलं पाणी वेगळं, माती वेगळी. पण ज्या उथळ पाण्यात जनावर पिढ्यानपिढ्या चरत आलंय तिथून ते एका दिवसात काढून टाकायचं म्हटलं तर मी आधी दोनदा विचार करीन. पाणकणीस वाढलेलं एखादं तळं तुमच्याही ओळखीचं असेल.

आणि सगळ्या कुंपणवाल्यांना मी एक विचारते: काठाचं राहू द्या, वरच्या गोमाळाचं, म्हणजे गावच्या चराऊ माळाचं काय? तिथं गवताची काडी उरलेली नसते. पहिल्याच पावसात तिथली माती धुऊन तळ्यात येते. काठावरच्या खुरांनी जेवढा काठ बिघडतो त्याहून जास्त तळं वरच्या उघड्या माळामुळं भरतं. कुंपणाचे पैसे असतील तर त्यातले निम्मे माळाचा एखादा तुकडा आलटून पालटून राखायला घाला.

माझा सल्ला, जो मी दारात अर्धवट देते, तो इथं पुरा. पाणी उतरायला लागल्यापासून काठ आळेपर्यंत जनावर लांब ठेवा. चिंचलीच्या मायाक्काची माघातली जत्रा होईस्तोवर थांबलात तर बहुतेक काठ चालण्याजोगे होतात. तरी टाच रुतवून बघा, ठसा उमटून त्यात पाणी आलं तर अजून नाही. पहिला मोठा वळीव झाला की जनावरं पुन्हा काठाबाहेर. जो काठ पाझरामुळं वाळतच नाही तो वर्षभर बंद, आणि त्या गवताची विळ्यानं कापणी, म्हणजे बांधावरच्या वैरणीसारखं घरी आणून घाला. पिण्यासाठी डोण तळ्यापासून लांब, मुरमाड जागी बांधा. गाई, मेंढरं, शेळ्या डोणीला सरावतात. म्हैस सरावत नाही, तिला पाण्यात बसायचंच असतं. तिच्यासाठी काठाची एकच बाजू निवडा, मुरूम-दगड घालून उतार पक्का करा आणि सगळ्या गावची म्हसरं त्याच वाटेनं उतरवा. ती एक बाजू वाया गेली असं समजा.