फॉर्म बी पास होईपर्यंत

एम.फार्म.च्या प्रोजेक्टला मी बीटा-सिटोस्टेरॉल घेतलं. सोयाबीन, भाताच्या कोंड्याचं तेल यांत असणारा हा वनस्पती स्टेरॉल रचनेने जवळजवळ कोलेस्टेरॉलसारखाच. आतड्यात तो कोलेस्टेरॉलची जागा अडवतो, म्हणून ते रक्तात कमी शोषलं जातं. कोंबडीच्या पिल्लांवर हे १९५१ सालीच दिसलं होतं. गाइडना विषय लगेच पटला.

गाडी अडली प्राण्यांच्या एथिक्स कमिटीत. प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी, तिथूनच पास व्हावा लागतो. सरकारी नॉमिनी हजर नसेल तर बैठक होत नाही, आणि आमचे नॉमिनी यायचे कोल्हापूरहून. ऐन पावसात आंबा घाटात दरड आली, बैठक पुढे ढकलली. पुढच्या तारखेला ते रजेवर. ऑफिसात विचारलं की एकच उत्तर, "मॅडम, कळवतो." कळवलं कुणीच नाही, तारीख बदलल्याचं शिपाईकाकांकडून कळायचं. मंजुरीपत्राशिवाय ब्रीडर रॅट देत नाही, त्यामुळे पिंजरे धुऊन तयार आणि सेमिस्टर सरत चाललेलं. याचा मला अजून राग येतो. नियम हवाच, मुक्या जिवांचा प्रश्न आहे. पण वर्षभराच्या तारखा जूनमध्येच ठरवून बोर्डावर लावायला काय हरकत आहे? कोकणात जुलैत घाट बंद पडतात हे काय नवीन आहे?

बैठक झाली तेव्हा प्रश्न मात्र नेमके आले. रॅटच का? त्याचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे ‘चांगल्या’ प्रकारात असतं आणि सहजी वाढत नाही, म्हणून खाद्यात कोलेस्टेरॉलबरोबर कोलिक ॲसिड (पित्तातलं एक आम्ल) घालावं लागतं. मग माणसाला जास्त जवळचा हॅमस्टर का नको? आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये त्याची सोय नाही. एका गटात सहाच रॅट का? ते गणित मी फॉर्मला जोडलं होतं, तिथेच विषय संपला. ही तिन्ही उत्तरं फॉर्म बीमध्ये आधीच लिहा.

खाद्याचंही सांगते. पेलेट दळून, तेल घालून हाताने वळायचे आणि ओव्हनमध्ये सुकवायचे. पावसाळ्यात थोडेथोडेच करा, दमट हवेत पांढरी बुरशी लगेच धरते. तेल खोबरेलच घ्या. त्यात स्टेरॉल मुळातच कमी, त्यामुळे कंट्रोल गटात, म्हणजे तुलनेसाठी स्टेरॉल न दिलेल्या गटात, गोंधळ होत नाही.

स्टेरॉलच्या गटाचं कोलेस्टेरॉल खरोखर उतरलं. तो तक्ता गाइडच्या टेबलावर ठेवताना मला फार अभिमान वाटला.

आणि हो, मंजुरी क्रमांक थिसिसमध्ये लागतो, पेपर पाठवतानाही लागतो. पत्र हातात आलं की लगेच स्कॅन करून स्वतःजवळ ठेवा, ऑफिसच्या फाइलवर विसंबू नका.